जखम ओली असताना व्यायाम कशाला?

“जखम अजून ओली आहे, आधी भरू द्या, मग काय तो व्यायाम करा.” जळीत विभागात समुपदेशन करताना जवळजवळ प्रत्येक कुटुंबाकडून मी हे ऐकते. अशाच एका कुटुंबाचा अनुभव, ओळख पटू नये एवढे तपशील बदलून, येथे मांडते.

32 वर्षांच्या एका बाईंचा पदर शेगडीवर पेटला आणि मान, उजवी काख व हाताचा पंजा भाजला. दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपिस्ट आल्या, तेव्हा आईंनी त्यांना खाटेजवळ येऊ दिले नाही. लेकीच्या मानेखालची उशी मात्र त्या पुन्हापुन्हा सारखी करत होत्या.

खरा धोका त्या उशीतच होता. हनुवटी छातीकडे झुकलेली, दंड अंगाशी धरलेला, बोटे आकसलेली, अशा ज्या स्थितीत भाजलेल्या माणसाला बरे वाटते, त्याच स्थितीत भरून येणारी कातडी आखडते आणि सांधा जखडतो. म्हणून मान भाजली असल्यास उशी देत नाहीत, काख भाजली असल्यास हात अंगापासून सुमारे 90 अंशांवर ठेवतात, पंजाला स्प्लिंट, म्हणजे बोटे योग्य स्थितीत धरून ठेवणारा आधार, बांधतात आणि डॉक्टरांच्या संमतीने पहिल्या एक-दोन दिवसांतच हालचाल सुरू करतात. घट्ट झालेला व्रण सोडवायला पुढे अनेकदा शस्त्रक्रियाच करावी लागते.

आईंना हे समजत होते, पण लेकीचे कण्हणे ऐकवत नव्हते; विरोधाचे मूळ बहुधा तेथेच असते, असे मला वाटते. डॉक्टरांशी बोलून वेदनाशामक औषध व्यायामाच्या अर्धा तास आधी देण्याचे ठरले. हात किती वेळा उचलायचा हे आधी सांगायचे, लेकीने डावा हात वर केला की थांबायचे आणि मोजायचे आईंनी, असेही ठरवले. चौथ्या दिवशी उशी त्यांनी स्वतःच काढली.

पुढे त्वचारोपण झाले आणि नवी त्वचा धरावी म्हणून तेवढा भाग पाच दिवस हलवायचा नव्हता, तेव्हा “आता का थांबलात?” असे विचारणाऱ्या याच आई होत्या.

सहा महिन्यांनी त्या बाई स्वतः वेणी घालून तपासणीला आल्या. करंगळी अजून पूर्ण मिटत नाही. व्रण शांत होईपर्यंत, म्हणजे वर्ष-दीड वर्ष, घट्ट दाबाचे कपडे दिवसातले सुमारे 23 तास घालायचे आहेत; उन्हाळ्यात ते त्यांना नकोसे होतात आणि सध्या आमचे बोलणे त्यावरच चालू आहे.