मी हललो की काम थांबतं

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत माझं इलेक्ट्रिकल पॅनेल बनवायचं छोटं युनिट आहे. पोट्टे मेहनती आहेत, पण मी जागेवरून हललो की काम थांबतं. परवा पुतणीच्या लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी सुपरवायझरचा फोन आला, 'साहेब, 16 स्क्वेअर एमएमची केबल संपली, 25ची लावू का?' एवढंही यांना ठरवता येऊ नये? - एक वाचक, नागपूर

उत्तर : भाऊ, ठरवता येतं. त्याला उत्तर माहीत होतं, म्हणून तर त्याने 10ची बारीक नाही, 25ची जाड विचारली. चुकलं तर आपली बाजू कोण घेणार, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. तुम्ही 'हो, लाव' म्हणाला असाल, तर पुढचा फोन तिथेच पक्का झाला.

आता फोन आला की विचारा, 'तू काय करणार आहेस?' तो म्हणेल, 'तुम्ही सांगाल तसं.' तरी सांगू नका. 'साहेब, 25ची लावतोय, टर्मिनलमध्ये बसते, केबल जोडायचे लग आणि ग्लँड त्या मापाचे घेतले, ड्रॉइंगवर लाल पेनाने नोंद केली' असं त्याच्याच तोंडून यायला हवं.

अमेरिकी नौदलातल्या डेव्हिड मार्केट यांनी 1999 मध्ये 'सांता फे' पाणबुडीची सूत्रं घेतली. त्यांची तयारी दुसऱ्याच पाणबुडीसाठी झाली होती. एका सरावात त्यांनी मोटरचा जो वेग सांगितला, तो या पाणबुडीत नव्हताच. अधिकाऱ्याला ते माहीत होतं, तरी त्याने हुकूम पुढे दिला. का, तर कप्तानाने सांगितलं म्हणून! मला तुमच्या फोनपेक्षा याची जास्त काळजी वाटते. उद्या तुमच्या तोंडून ब्रेकरचं चुकीचं रेटिंग, म्हणजे चुकीचे अँपिअर, गेलं, तर तेही मुकाट्याने बसवलं जाईल. मार्केट यांनी पुढे हुकूम देणं सोडलं. 'मी अमुक करणार आहे' असं अधिकारीच येऊन सांगू लागले.

सगळंच मोकळं सोडू नका. केबल लहान घेणं, ब्रेकरचं रेटिंग बदलणं, टेस्टिंगशिवाय माल पाठवणं, यासाठी लग्नातही फोन आलाच पाहिजे. ही यादी वर्कशॉपच्या भिंतीवर लावा. लग, फेरूल अशा किरकोळ खरेदीसाठी सुपरवायझरच्या हाती थोडी रोख ठेवा.

आणि त्याने ठरवलेलं पहिल्यांदा चुकेल, तेव्हा चारचौघांत बोलू नका. दुरुस्तीचा खर्च युनिटने सोसावा, त्याच्या पगारातून कापू नये.