वाचकांचे प्रश्न : नेट सुसाट, पण व्हिडिओ अडकतोय

प्रश्न : नमस्कार दादा, घरी २०१३ ला घेतलेला डेस्कटॉप आहे, आय३ थर्ड जनरेशन, ४ जीबी रॅम, विंडोज १०. परवा १०० एमबीपीएसचं फायबर घेतलं, म्हटलं आता शाहू स्टेडियमवरच्या मॅचेसचे व्हिडिओ झकास दिसतील, तर कुठलं काय, क्वालिटी १०८० ला टाकली की आवाज पुढं आणि चित्र मागनं धडपडत येतंय, गोल झालेला आधी ऐकू येतो मग दिसतो. दुकानदार म्हणतोय ह्यात आता काय राम नाही, नवीनच घ्या. घ्यावाच लागेल का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : पाकीट अजून काढू नका भावा. आधी एक बघा, मधोमध ते चक्र फिरत बसतं आणि आवाजपण थांबतो का? तसं असेल तर दोष नेटचा. तुमचा आवाज नीट चाललाय म्हणजे डेटा वेळेवर येतोय, आणि १०८० ला तसंपण ५ एमबीपीएसच्या आसपास पुरतं, १०० घेतलं काय नि २०० घेतलं काय, ह्यात फरक पडणार नाही.

अडचण कोडेकची आहे. व्हिडिओ दाबून पाठवतात आणि आपल्या मशीनला तो उलगडावा लागतो, ह्या दाबायच्या-उलगडायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात आणि एच.२६४, व्हीपी९, एव्ही१ हे त्याचे प्रकार. तुमच्या आय३ मधल्या ग्राफिक्सला एच.२६४ उलगडायची वेगळी सोय आहे, पण युट्यूब आजकाल बहुतेक वेळा व्हीपी९ नाहीतर एव्ही१ पाठवतं आणि त्यांची सोय तुमच्याकडं नाही (इंटेलमध्ये व्हीपी९ ची पूर्ण सोय सातव्या जनरेशनला आली, एव्ही१ ची तर थेट अकराव्याला). मग सगळं ओझं प्रोसेसरच्या दोन कोअरवर, म्हणजे दारात चरका असताना ऊस हातानं पिळत बसल्यासारखं. त्यात व्हिडिओ सेकंदाला ६० फ्रेमचा असला की संपलंच.

खात्री करायची तर चालू व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. कोडेकच्या ओळीत व्हीपी०९ किंवा एव्ही०१ दिसेल आणि ड्रॉप्ड फ्रेम्सचा (म्हणजे गाळलेल्या चित्रांचा) आकडा रिक्षाच्या मीटरसारखा पळताना दिसेल. मग फायरफॉक्समध्ये 'एन्हान्स्ड एच२६४इफाय' हे अ‍ॅड-ऑन टाका, त्यात व्हीपी९ आणि एव्ही१ दोन्ही ब्लॉक करा, ६० फ्रेमवाले ब्लॉक करायचीपण टिक आहे. पान रिफ्रेश केल्यावर कोडेक एव्हीसी१ दिसला की जमलं, तेच एच.२६४. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन (उलगडायचं काम ग्राफिक्सकडं द्यायची सोय) चालू आहे ना तेवढं बघा, ते बंद असेल तर वरचं सगळं केलेलं पाण्यात. ह्यात १०८० च्या वर जाता येत नाही, कारण युट्यूब त्यावरचं एच.२६४ मध्ये देतच नाही. पण २०१३ चा मॉनिटर बहुतेक १३६६ बाय ७६८ चाच असणार, मग तुम्हाला ७२० आणि १०८० मध्ये फरक तरी कुठं दिसणार?

एसएसडी टाकली की मशीन पटकन चालू होईल, रॅम ८ केली की चार टॅब जास्त उघडतील, दोन्ही चांगलंच, पण हा आजार त्यानं बरा होत नाही. त्यापेक्षा कॅबिनेट उघडून पंखा साफ करा आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता पंख्याकडं नेणारा लेप) बदलून घ्या. गळीत हंगामात आमच्या गच्चीवर कारखान्याची जी काजळी पडते ती खिडकीतनं आत येतेच, पंखा तुंबला की प्रोसेसर तापतो आणि स्वतःच स्पीड कमी करतो.

प्रश्न : भाचीच्या लग्नाचं शूटिंग पेनड्राइव्हवर आलंय, मोबाईलवर छान चालतं, आमच्या जुन्या कोअर २ ड्युओ कॉम्प्युटरवर नुसते फोटो पुढं सरकल्यासारखं दिसतं.
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : फाइल ४के आणि एचईव्हीसी (एच.२६४ च्या नंतरचा कोडेक) असणार, ते त्या मशीनच्या आवाक्यातलं नाही, कुठलाही प्लेअर टाकलात तरी. कुणाकडं नवीन लॅपटॉप असेल तर त्यावर हँडब्रेक हे फुकटचं सॉफ्टवेअर घेऊन ७२० आणि एच.२६४ मध्ये बदलून आणा, मग व्हीएलसी प्लेअरवर बघा. तुमच्याच मशीनवर बदलायला लावलंत तर भाचीच्या बाळाच्या बारशापर्यंत चालेल. आणि मूळ फाइल डिलीट करू नका हं.