लंडनला प्रोड्यूसर व्हायला येतोस, पण कुठला?

ओंकार, तुझा प्रश्न थोडक्यात असा: मुंबईत चार वर्षं जिंगल्स आणि मालिकांच्या शीर्षकगीतांचं प्रोग्रॅमिंग केलंस, आता कर्ज काढून लंडनला म्युझिक प्रोडक्शनचं एमए करावं का? मी इथे अकरा वर्षं आहे, स्पष्टच सांगतो.

आधी शब्दाचा घोळ. आपल्याकडे म्युझिक प्रोड्यूसर म्हणजे संगीतकाराने चाल दिली की तिच्यावर बीट, बेस, कॉर्ड्स चढवून ट्रॅक उभा करणारा. पूर्वीच्या अरेंजरच्याच घराण्यातला. (अनिल मोहिले ते काम वादकांकडून करून घ्यायचे, तू लॅपटॉपकडून घेतोस.) असे बीट बनवणारे इथेही ढिगाने आहेत. पण पूर्ण अल्बमसाठी ज्याला बोलावतात त्याच्या डोक्यावर सगळंच असतं: कुठली गाणी घ्यायची, पट्टी आणि लय काय, वादक कोण, पैसे किती उरले, कुठला टेक (म्हणजे गाण्याचं एकेक रेकॉर्डिंग) ठेवायचा. सिनेमात दिग्दर्शक करतो ते काम, नाव मात्र निर्मात्याचं.

बीटल्सचा प्रोड्यूसर जॉर्ज मार्टिनचं बघ. 1962 मध्ये बीटल्सनी ‘प्लीज प्लीज मी’ आणलं ते संथ होतं. त्याने लय वाढवायला लावली आणि गाणं उभं राहिलं. 1965 मध्ये ‘यस्टरडे’ला स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे व्हायोलिन-चेलोवाल्या चार वादकांचा संच, जोडायची कल्पनाही त्याचीच, ते गाणं लिहिणाऱ्या मॅकार्टनीला ती आधी पटत नव्हती. म्हणजे ऐकायचं, नेमकं काय खटकतंय ते ओळखायचं, आणि समोरच्याला न दुखावता गळी उतरवायचं. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड.

माझ्या पहिल्या सेशनला मी गिटारचे सहा थर रचत बसलो. गायिका तीन तास काचेपलीकडे ताटकळली आणि माइकसमोर आली तेव्हा आवाज बसलेला. ते काम गेलं, पुढचंही गेलं. लेखी करार नव्हता, त्यामुळे पैसेही बुडाले. इथे आगाऊ फी आणि वर ‘पॉइंट्स’, म्हणजे रेकॉर्डच्या कमाईतले साधारण तीन-चार टक्के मिळतात, पण ते कागदावर असतील तरच. मार्टिन ईएमआय या रेकॉर्ड कंपनीचा पगारी नोकर होता, बीटल्सच्या विक्रीवर त्याला रॉयल्टी नव्हती. शेवटी 1965 मध्ये त्याने तीन सहकाऱ्यांसह स्वतःची एआयआर कंपनी काढली.

आता व्हिसा. स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगार चालत नाही, म्हणजे फ्रीलान्स सेशन करून बिल लावणं बंद. डिग्रीनंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसावर ते चालतं, पण 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना तो दोन वर्षांऐवजी 18 महिन्यांचाच मिळणार. पुढे स्किल्ड वर्कर व्हिसाला स्पॉन्सर करणारा मालक लागतो, आणि आपलं बहुतेक काम फ्रीलान्स. उरतो ग्लोबल टॅलेंट व्हिसा. त्याला आर्ट्स कौन्सिल इंग्लंड या कलासंस्थेची शिफारस लागते, आणि ती केलेल्या कामावर मिळते, एमएच्या सर्टिफिकेटवर नाही.

म्हणून कर्जाच्या अर्जावर आत्ताच सही करू नकोस. मुंबईतलीच एखादी गायिका गाठ, तिची चार गाणी निवडीपासून मिक्सपर्यंत पूर्ण कर आणि मला पाठव. सोबत तू टाकून दिलेले टेकही पाठव. मला आधी तेच ऐकायचेत.