विवाह समुपदेशनात देवधर्माचा विषय काढावा का? काढला तर कसा?

तुम्ही नव्यानेच समुपदेशन सुरू केलंय. जोडपी उपास, सोवळं, महाराज यांवरून भांडत येतात आणि तुमचा प्रश्न असा, की यात पडावं की ‘तो तुमचा खासगी मामला’ म्हणून सोडून द्यावं?

सोडू नका. पण कोणाची श्रद्धा खरी, याचा निवाडाही करू नका. देवाच्या नावाने आलेल्या भांडणात बरेचदा वेगळंच काही असतं: पहाटे कोण उठतं, कोण रांधतं, पैसे कोणाचे जातात, शेवटचा शब्द कोणाचा.

फॉर्मवर ‘धर्म’ असा नुसता रकाना ठेवून काही कळत नाही. त्याऐवजी ‘घरात कोणते कुळाचार, उपास, व्रतं होतात आणि ती कोण करतं?’ असं विचारा. ‘कोण करतं’ हा भाग महत्त्वाचा. पहिलं सेशन तक्रारी ऐकण्यातच जातं. दुसऱ्या सेशनला दोघांना वेगवेगळं पंधरा-वीस मिनिटं बसवा. एकत्र विचारलं की कमी मानणारा गप्प होतो, नाहीतर टोमणे मारतो. प्रश्नांसाठी अमेरिकी डॉक्टर क्रिस्टिना पुचाल्स्की यांनी 1996 मध्ये मांडलेला ‘फिका’ आराखडा सोयीचा आहे: श्रद्धा काय, आयुष्यात तिला किती जागा, सोबत कोणता समुदाय आणि उपचारात तिची दखल कशी घ्यायची. तो रुग्णांसाठी तयार झालाय, त्यामुळे जोडप्यांना पाचवा प्रश्न मी जोडेनच: ‘यातलं जोडीदाराने काय करावं असं तुम्हाला वाटतं?’ खरी गाठ बहुधा इथेच सापडते.

एक नेहमीचा प्रसंग घ्या. लग्नानंतर काही वर्षांनी नवरा माळ घालतो आणि सांगतो, घरात आता मटण-मासे शिजायचे नाहीत. बायको म्हणते, माळ तुझी, माझी नाही. याला श्रद्धेचा वाद म्हणून हात घातलात तर अडकाल. त्याचे तुकडे पाडा. त्याने स्वतः काय खायचं, हा त्याचा एकट्याचा निर्णय, त्यावर चर्चाच नको. मग ओटा आणि भांडी, तिचं बाहेर खाणं, मुलांच्या डब्यातली अंडी, माहेरचे पाहुणे, एकादशीचे दिवस, एकेक मुद्दा वेगळा घ्या. वेगळा तवा-पातेलं, एकादशीला काही नाही, रविवारी तिने स्वतः करायचं, असं काहीतरी ठरतं. ते कागदावर लिहा आणि सहा आठवड्यांपुरतंच ठेवा. कायमचं म्हटलं की दोघंही अडून बसतात.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे ‘तुकोबांनीसुद्धा संसार केलाच की’ असं काही बोलून जाणं. एकदा तुम्ही संतवचन काढलंत की पुढच्या वेळी समोरचा दुसरा अभंग घेऊन येतो आणि तुम्ही पंच होऊन बसता.

‘महाराजांनी सांगितलंय’ या वाक्याने चर्चा संपते. महाराजांवर टीका करू नका. ‘त्यांना प्रश्न कोणी विचारला होता? नेमक्या कोणत्या शब्दांत?’ एवढं विचारा. प्रश्न एकानेच, आपल्या बाजूने मांडून विचारला होता असं पुष्कळदा निघतं.

काही ठिकाणी मात्र तडजोड शोधायचीच नाही. मारहाणीला ‘नशिबाचे भोग, सहन कर’ असं धार्मिक पांघरूण घातलं जात असेल तर एकत्र सेशन थांबवा, कारण मार खाणारी बायको तुमच्यासमोर जे बोलते त्याची शिक्षा तिला घरी मिळते. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा, त्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी आणि 181 ही महिला हेल्पलाइन तिला एकटीला गाठून सांगा. भूत उतरवायला चटके, साखळदंड असं काही कळलं तर राज्याचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. ‘अंगात येतं’ म्हटल्यावर मात्र लगेच शिक्का मारू नका. झोप, फिट्स, बंद केलेली औषधं यांची चौकशी करा आणि गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा.

आणि ‘तुम्ही स्वतः देव मानता का?’ हे कोणीतरी विचारणारच. एका वाक्यात खरं उत्तर द्या आणि लगेच विचारा, ‘माझं उत्तर ऐकून मी कोणा एकाच्या बाजूची वाटले का?’ त्यांची नजर एकमेकांकडे वळते का, ते बघा.