गोळ्या चालू आहेत, तरी रक्त वाढत नाही

‘चहाने रक्त कमी होतं म्हणतात, मग आता चहा बंदच करू का?’ गरोदर बायका हे नेहमी विचारतात. मी आधी विचारते, चहा घेता कधी?

9 तारखेला आमच्या ग्रामीण रुग्णालयात गरोदर मातांची तपासणी असते. पाचवा महिना लागलेली एक मुलगी सासूबाईंबरोबर आली होती. हिमोग्लोबिन 9.2, गरोदरपणात ते किमान 11 तरी हवं. सासूबाई काकुळतीला आल्या होत्या. ‘मॅडम, गोळ्या खाती, मेथी खाती, तरी रक्त वाढंना.’ पिशवीतून त्यांनी लोहाच्या लाल गोळ्यांची रिकामी पाकिटं काढून माझ्यापुढे मांडली. एकही गोळी चुकली नव्हती.

मग मुलीलाच दिवसभराचं खाणंपिणं विचारलं. गोळीने मळमळतं, तोंडाला लोखंडाची चव येते, म्हणून ती सकाळी चहाच्या घोटाबरोबरच गोळी गिळायची. न्याहारीला चहा-चपाती. दुपारचं जेवण उरकलं की लगेच पुन्हा अर्धा कप.

चहातलं टॅनिन लोहाला पोटातच बांधून ठेवतं, रक्तापर्यंत पोचू देत नाही. भाजी, डाळ, भाकरीतल्या लोहाला याचा फटका जास्त बसतो, आणि आपल्याकडे बहुतेक घरांत लोह मिळतं ते याच ताटातून.

तरी चहा सोड, असं मी सांगितलं नाही. सासरी घटकाभर टेकायला मिळतं ते त्या कपाच्या निमित्ताने. ते काढून घेणं मला पटत नाही. दिवसाला दोन कप घे, पण जेवण आणि गोळी यांपासून तास-दीड तास लांब. डॉक्टरांनी आता रोज दोन गोळ्या दिल्या होत्या. त्या दुपारी आणि रात्री जेवणानंतर, लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. शौचाला काळी होईल, ते लोहामुळे. घाबरून गोळी थांबवायची नाही.

‘मग मी चारलाच टाकत जाते सगळ्यांचा चहा,’ सासूबाई म्हणाल्या. मला फार बरं वाटलं, कारण एकट्या सुनेने घरातली चहाची वेळ बदलणं सोपं नसतं.

पुढच्या महिन्यात हिमोग्लोबिन 10.1 आलं. सगळं श्रेय चहाच्या वेळेला नाही, गोळीही दुप्पट झाली होती. पण गोळ्या नीट घेऊन, चहा लांब ठेवूनही महिनाभरात आकडा हलला नाही, तर चहालाच दोष देत बसू नका. जंत, थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार, बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता अशीही कारणं असतात. डॉक्टरांना पुन्हा दाखवा.