शंका-समाधान : ‘रूड बॉय’ उद्धट होता का?

प्रश्न : माझ्या मुलाच्या मित्रमंडळींना रेगे संगीताचा नाद आहे. परवा रंकाळ्यावर त्यांच्यात वाद झाला. एकाच्या मते ‘रूड बॉय’ म्हणजे गुंड आणि ‘स्किनहेड’ म्हणजे वर्णद्वेषी. दुसऱ्याच्या मते हे शब्द केवळ पोशाखाचे आणि संगीताच्या आवडीचे आहेत. कोशात ‘रूड’पुढे ‘उद्धट’ एवढेच सापडते. खरे काय समजावे? आणि ‘रेगे’ हा शब्द मुळात कुठला?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेतो. आपल्याकडच्या रेगे या आडनावाशी या शब्दाचा काही संबंध नाही. टूट्स अँड द मेटल्स या जमैकन गायकवृंदाच्या १९६८ मधील एका गाण्यामुळे तो संगीतप्रकाराचे नाव म्हणून रूढ झाला. या वृंदाचे मुख्य गायक टूट्स हिबर्ट यांनी त्याचा संबंध गबाळ्या व्यक्तीसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘स्ट्रेगे’ या बोलीशब्दाशी जोडला, तर जमैकन इंग्रजीचा कोश ‘रेगे-रेगे’ म्हणजे चिंध्या किंवा भांडण असे नोंदवतो. प्रसिद्ध रेगे गायक बॉब मार्ली यांच्या नावावर सांगितली जाणारी ‘राजाचे संगीत’ ही स्पॅनिश व्युत्पत्ती ऐकायला छान असली, तरी मला ती मागाहून चढवलेली झूल वाटते.

‘रूड बॉय’च्या बाबतीत कोशाने आपली फसगत केली आहे. १९६२ मध्ये जमैका स्वतंत्र झाल्यानंतर किंग्स्टन या राजधानीच्या गरीब वस्त्यांतील जे बेरोजगार तरुण अंगाबरोबर सूट, बारीक टाय आणि आखूड काठाची टोपी घालून ऐटीत हिंडत, आणि ज्यांच्यातले काही चाकू-पिस्तूलही बाळगत, त्यांना हे नाव पडले. आपला ‘दादा’ शब्द आठवावा. थोरला भाऊ दादाच आणि पेठेत दहशत बसवणाराही दादाच. कोणता, हे बोलणाऱ्याच्या सुरावरून कळते. जमैकातही या शब्दाबद्दल एकमत नव्हते. काही गाण्यांनी या पोरांची बाजू घेतली, तर जमैकन गायक प्रिन्स बस्टर यांच्या १९६७ मधील गाण्यातला न्यायाधीश त्यांना ४०० वर्षांची शिक्षा ठोठावतो. पुढे १९७९ मध्ये इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीच्या टू टोन या ध्वनिमुद्रण संस्थेच्या चाहत्यांनी तेच नाव उचलले, तेव्हा त्यातला चाकू गळून पडला आणि टोपी तेवढी उरली. म्हणजे मुलाचे दोन्ही मित्र बरोबर आहेत, पण एक किंग्स्टनचा अर्थ सांगतो आहे आणि दुसरा कॉव्हेंट्रीचा.

‘स्किनहेड’चा निवाडा इतका सोपा नाही. डोक्यावरचे केस अगदी बारीक कापलेले, जड बूट आणि पँटला गॅलिस असा वेश करणारे हे कामगार वस्तीतले तरुण १९६० च्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये दिसू लागले. कॅरिबियन बेटांतून आलेल्या कुटुंबांच्या मुलांबरोबर ते नाचत, जमैकन तबकड्या विकत घेत. सिमॅरिप या कृष्णवर्णीय वादकांच्या संचाने तर खास स्किनहेडांसाठी गाणी केली. एवढ्यावरून ‘मूळचे स्किनहेड वर्णद्वेषी नव्हतेच’ असे जे ठासून सांगितले जाते, ते मात्र अर्धेच खरे आहे. कारण त्याच काळात, १९७० च्या सुमारास, पूर्व लंडनमध्ये भारतीय उपखंडातून आलेल्या लोकांना गाठून मारहाण करणाऱ्यांतही स्किनहेड होते. जमैकन गाण्यावर ठेका धरणारा पाय आशियाई माणसाला लाथ घालायलाही उठत असे, ही गोष्ट आपण भारतीय वाचकांनी तरी नजरेआड करू नये.

पुढे अतिउजव्या संघटनांनी या तरुणांत शिरकाव केला आणि १९८० च्या दशकात जगभर या शब्दाचा तोच एक अर्थ पसरला. त्याविरुद्ध १९८७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वर्णद्वेषविरोधी स्किनहेडांनी ‘शार्प’ ही संघटना उभी केली. हे लोक वर्णद्वेष्ट्यांना स्किनहेड म्हणतच नाहीत; त्यांच्यासाठी ‘बोनहेड’, म्हणजे मठ्ठ डोक्याचा, असा वेगळा शब्द वापरतात. ते वर्णद्वेष्टे अर्थातच स्वतःला स्किनहेडच म्हणवतात.