अप्रेंटिसना लीडरशिप ट्रेनिंगमधून खरंच काही मिळतं का?

तुम्ही विचारलंय की आयटीआय फिटर करून मुंबईत अप्रेंटिस लागलोय, कंपनी तीन दिवस गट पाडून हाताने करायची कामं देणार आहे, त्यातून लीडरशिप कशी येणार? मी स्वतः फिटर अप्रेंटिस होतो आणि आता शिवडीच्या एका वर्कशॉपमध्ये अशाच मुलांना शिकवतो. माझं उत्तर: येते, पण काम खऱ्या लोखंडाचं असेल तर. अशा ट्रेनिंगमध्ये करायला लावतात तो कागदाचा मनोरा पडला तर कुणाचंच काही बिघडत नाही, त्यामुळे तो लक्षातही राहत नाही.

आम्ही पाच जणांना पंप, मोटर, डायल गेज (बारीक हालचाल मोजायचं घड्याळासारखं मापक) आणि शिम (पायाखाली सरकवायच्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या) देतो. दोन तासांत अलाइनमेंट, म्हणजे दोघांचे शाफ्ट एका रेषेत, ०.०५ मिमीच्या आत आणायची. एक जण लीडर, आणि त्याला पान्याला हात लावायची बंदी. हीच बंदी सगळ्यात जड जाते, कारण लीडर मी मुद्दाम ट्रेडमधला हुशार मुलगा निवडतो. गेल्या पावसाळ्यात एका गटात बोल्ट आवळला की रीडिंग हलायचं. शिम कापत बसलेला एक मुलगा दोनदा म्हणाला, "सर्वांनो, मोटरचा एक पाय टेकत नाहीये." कुणी मान वर केली नाही. दीड तास गेल्यावर लीडरने काम थांबवलं आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) त्या मुलाच्याच हातात दिला. पायाखाली फट निघाली, शिम सरकवली, वीस मिनिटांत रीडिंग बसलं.

चेन ब्लॉकवर, म्हणजे साखळी ओढून वजन उचलायच्या कप्पीवर, मोटर उचलताना इशारा एकानेच द्यायचा, पण "थांब" कुणीही म्हणू शकतो आणि साखळी ओढणाऱ्याने लगेच थांबायचं. मोटर वीतभर उचलून याचा सराव घेतो. "थांब" मोठ्याने म्हणायला सगळ्यात लाजऱ्या मुलालाच सांगतो. पहिल्यांदा आवाज फुटत नाही, मग फुटतो.

१९६१ च्या अप्रेंटिस कायद्याने तुम्ही कामगार नाही, शिकाऊ आहात. चुकायची मुभा पुन्हा एवढी मिळणार नाही, तेव्हा तीन दिवसांत एकदा तरी लीडर व्हा, विशेषतः जमणार नाही असं वाटत असेल तर. आणि काम संपल्यावर गटाला विचारा, गडबड पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आली होती आणि तो गप्प का राहिला? प्रशिक्षकाने ही चर्चा ठेवली नसेल, तर जेवणाच्या सुट्टीत तुम्हीच घडवून आणा.